यीस्टला थंडी वाजते

टॅला नावाच्या परदेशी उपनगरातल्या त्या भाड्याच्या घरात फेब्रुवारी महिन्यात ऊब होती ती एकाच खोलीत, आणि त्या खोलीत माणूस राहत नव्हता. तिथे ज्ञानेशची बिअर राहत होती.

अहो, खोटं नाही. चेरीवूडच्या काचेच्या ऑफिसात बसणारा, महिन्याला घसघशीत पगार घेणारा हा गृहस्थ घरी बायकोला दोन स्वेटर आणि जाड पायमोजे घालून बसवायचा. हीटिंग संध्याकाळी तासभर, जेवणं उरकली की बंद. अबोलीनं जरा नाक ओढलं की याचं ठरलेलं, "अगं, एक लेयर वाढव ना, ग्रँड वाटेल." आणि वरच्या बॉक्स रूममध्ये, जिथे एक कॉट आणि एक खुर्ची जेमतेम मावते, तिथे मात्र इलेक्ट्रिक हीटर अहोरात्र चालू! का? तर म्हणे यीस्टला थंडी वाजते.

ही बिअर म्हणजे त्याची गेल्या वर्षभराची कर्तबगारी. झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत ती आंबवायची आणि मग कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची. बाटल्याही ऑफिसातल्या लोकांच्या टेबलांवरून गोळा केलेल्या. प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकायची, झाकण गच्च लावायचं आणि दोन आठवडे उबेत ठेवायचं. यीस्ट ती साखर खातं, गॅस सोडतं आणि मऊ बाटली हळूहळू टणक होते. टणक झाली म्हणजे बिअरला फेस आला. मग ती बाहेर शेडमध्ये गारठ्यात ठेवली की महिनोन्‌महिने टिकते. सिलिंडर नको, स्टीलची टाकी नको, वेगळा फ्रिज नको. ज्यांच्याकडे हे सगळं असतं त्यांना ज्ञानेश मूर्ख समजायचा, आणि दुकानातून विकत आणून पिणाऱ्यांना महामूर्ख. हीटरला लागणारी वीज त्याच्या हिशेबात कुठे बसते, हे विचारायची सोय नव्हती. चवीबद्दल तर बोलूच नये. अबोलीनं एकदा घोटभर घेतली आणि उरलेली सिंकमध्ये ओतून वर पाणी सोडलं.

अबोलीचे वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई, शकुंतलाबाई, साताऱ्याला एकट्या. अबोलीनं फोनवर विनवण्या करकरून त्यांना तीन महिन्यांसाठी यायला राजी केलं. "थंडी सोसली तर राहीन बाई, नाही सोसली तर तिकीट बदलून दे," एवढीच त्यांची अट. अबोलीला आई हवी होती, अगदी लहान पोरीला हवी असते तशी. नवऱ्याच्या मागे या देशात आल्यापासून तिच्याशी दोन शब्द मनापासून बोलणारं घरात होतं कोण?

"बॉक्स रूम आईला द्यायची," तिनं सांगितलं.

"आत्ता? अगं, मार्चात पॅट्रिक्स डेच्या सणाला ऑफिसचे लोक येणारेत प्यायला. आठवडा झाला बाटल्या भरून, अजून अर्ध्याही फुगल्या नाहीत. आई खाली सोफा-बेडवर झोपतील की. त्यांना जिना चढायला नको."

"मग बाटल्याच ठेव सोफ्यावर."

"खाली थंड असतं गं."

हे तो बोलला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या डोक्यात शिरलंसुद्धा नाही.

"हॉट प्रेसमध्ये ठेव," ती म्हणाली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट, इकडे घरोघरी असतं. पण या पठ्ठ्यानं पाणी तापवण्यावरही पहारा बसवलेला, त्यामुळे त्या कपाटात हात घातला तर बोटं गारठायची.

"तिथे कसं जमेल? तिथे नुसता बर्फ आहे," तो म्हणाला. जसं काही तो बर्फ दुसऱ्याच कुणी करून ठेवला होता!

शकुंतलाबाई आल्या आणि सोफा-बेडवर झोपल्या. बाई जुन्या वळणाच्या. जावयाच्या घरी तोंड उघडून काही मागायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कानावरून शाल घेऊन, हात काखेत धरून त्या म्हणायच्या, "छान आहे हो घर, ज्ञानेशराव." आणि ज्ञानेशराव खूश! त्यांना वाटायचं, म्हातारी खरंच कौतुक करतेय.

दोन-तीन दिवसांतच खोकला लागला. अबोलीनं हीटिंग वाढवलं की हा येऊन कमी करायचा. दोघांची रोज तणतण, आणि ती ऐकून शकुंतलाबाई आणखी आक्रसून बसायच्या. आपल्यामुळे लेकीच्या संसारात भांडणं नकोत, एवढंच त्यांना कळत होतं.

एका सकाळी चहा गाळताना त्या हळूच म्हणाल्या, "अबोली, रागावू नकोस बाळा. तिकीट बदलता येतं का बघ."

आणि ज्ञानेश? डबा भरता भरता तो म्हणाला, "मी बघतो ना, आई. चेंज फी काही फार नसते. इकडची हवा बऱ्याच जणांना नाही मानवत." सासूवर उपकार केल्यासारखा चेहरा करून तो बस पकडायला गेला.

त्याची पाठ वळली आणि अबोली पदर खोचल्यासारखी कामाला लागली. बॉक्स रूममधल्या सगळ्या बाटल्या तिनं कवेत घेऊन घेऊन बेडरूममध्ये नेल्या. डबल बेडवर स्वतःच्या जागी त्या ओळीनं निजवल्या, वरून ड्युवे म्हणजे इकडची जाड दुलई घातली, वर ब्लँकेट खोचलं. मग आईचं अंथरूण बॉक्स रूमच्या कॉटवर आणि खुर्ची बाहेर काढून आपली गादी खाली जमिनीवर. शकुंतलाबाई "अगं, नको, जावई काय म्हणतील" करत राहिल्या, पण त्या खोलीत पाऊल टाकल्यावर त्यांनी शाल खांद्यावरून काढली. आल्यापासून पहिल्यांदा.

संध्याकाळी वरून हाक आली, "अबोली! हे काय आहे?"

"यीस्टला थंडी वाजते ना? घे कुशीत."

तिला भांडण हवं होतं. दिवसभर तिनं मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, या तीन वर्षांची सगळी. आई ऐकेल तर ऐको. पण ज्ञानेश ड्युवेखाली हात घालून नुसता चाचपत उभा राहिला.

"बाटल्या उभ्या नाही राहत यात," तो म्हणाला. "पण चालेल बहुतेक. जेवायला काय आहे?"

सकाळी तो बॉक्स रूममध्ये आला तो हातात बाटली घेऊनच, चेहरा नुसता फुललेला. "दाबून बघ, दाबून बघ! काय टणक झालीय! अंगाची ऊब फुकटच असते की यार, मला आधीच सुचायला हवं होतं. तू झोप इथेच अजून आठवडाभर." आणि खाली वाकून त्यानं हीटर बंद केला. "बाटल्या तिकडे आहेत, मग हा कशाला जाळायचा?"

कॉटवर शकुंतलाबाई उठून बसल्या होत्या.

अबोली बेडरूममध्ये गेली, कवेत मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन आली आणि आईच्या पायांशी पांघरुणावर मांडल्या. ज्ञानेशनं एक दाबून पाहिली.

"या अजून मऊ आहेत?"

"हो."

त्यानं हीटर पुन्हा लावला. वर बटण जरा पुढे सरकवलं, बाटल्या हीटरच्या बाजूला वळवल्या आणि शीळ घालत अंघोळीला गेला. लाज म्हणून नाही त्या माणसाला!

शकुंतलाबाईंनी बाटल्यांकडे बघितलं, मग दाराकडे. त्यांनी पाय आखडून घेतले आणि लेकीला हाताला धरून शेजारी बसवलं.

"तिकीट बदलू नकोस," त्या म्हणाल्या.

"इथे ऊब आहे ना आता? खोकलाही जाईल बघ तुझा."

"ऊब घाल चुलीत! या माणसापाशी तुला एकटीला टाकून मी जाऊ कशी?"

आई राहणार होती. महिनोन्‌महिने अबोलीनं हेच मागितलं होतं, आणि आता आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिला रडू आवरत नव्हतं.