समोरचं माणूस

धाकटीने बाळाच्या उजव्या कानामागे, हातभर अंतरावर, पितळी घंटी हळूच हलवली. बाळाने मान वळवली. मग ती गुडघ्यांवर सरकत डावीकडे गेली आणि पुन्हा घंटी हलवली. बाळ डावीकडे वळलं.

"झाले ना आमचे जज्जसाहेब पास?" आईने विचारलं. नातू तिच्याच मांडीवर होता.

"पैकीच्या पैकी," म्हणत धाकटीने वहीत दोन बरोबरच्या खुणा केल्या. समोर बसून लाल गोंडा हलवणारी वहिनी नुसतीच हसली.

बालरोगाची परीक्षा चार दिवसांवर आली होती. त्या काळी शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे एखादं बाळ ठेवत आणि त्याची वाढ कुठवर आली ते सांगायला लावत. ठोकळा या हातातून त्या हातात घेतं का, मण्याएवढी गोळी चिमटीत उचलतं का, आवाजाकडे वळतं का. त्यासाठी प्रत्येकाजवळ ठोकळ्यांची, घंटीची, लोकरीच्या गोंड्याची एक पिशवी असे. धाकटीची पिशवी वहिनीने शिवली होती आणि सरावाचं बाळही वहिनीचंच होतं. डॉक्टरीण घरची, पेशंटही घरचाच, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

नऊ महिन्यांचं ते पोर होतंच गुणी. रडारड नाही, हट्ट नाही. समोरच्याच्या तोंडाकडे असं टक लावून बघायचं की साक्षीदाराला घाम फुटावा. म्हणून तर जज्जसाहेब. दार आपटो की भांडं पडो, झोपलं की झोपलं. "आमच्या घरातली सगळी मुलं अशीच शांत," आई म्हणायची. वहिनी यावर कधी काही बोलत नसे. ती बाळाला सोडून हलतही नसे. माहेरी जाणं बंद, शेजारी बसणं बंद. अंघोळीला गेली तरी दार पुरतं लावायची नाही, पाच मिनिटांत ओल्या केसांनी बाहेर. हा कैदी आहे की तू, असं दादा तिला चिडवायचा.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सरांसमोर शेवटचा सराव होता. सर बोलायला कंजूष आणि नापास करायला सढळ. एक बाळ नर्सच्या मांडीवर बसवलं होतं, त्याची आई समोर गोंडा हलवत होती. धाकटीने मागून घंटी वाजवली. बाळ वळलं.

"ऐकू येतं, सर."

सरांनी घंटी मागून घेतली. घंटीच्या आतली लोंबती जीभ चिमटीत घट्ट धरली आणि न वाजवताच हात बाळाच्या कानामागे नेला. समोरच्या बाईने सहज त्या हाताकडे पाहिलं. बाळ लगेच वळलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"परीक्षा कुणाची घेतलीस? बाळाची की आईची?"

मग त्यांनी त्या बाईला डोळे मिटायला सांगून घंटी वाजवली. बाळाला खरोखरच ऐकू येत होतं. पण सर धाकटीला सोडायला तयार नव्हते. ज्याला ऐकू येत नाही, ते पोर समोरच्या माणसाचे डोळे सगळ्यांत आधी वाचतं, तेवढा एकच अभ्यास त्याला असतो, असं त्यांनी सांगितलं. चार दिवसांनी हेच केलंस तर सहा महिन्यांनी पुन्हा भेटू, म्हणाले.

घरी येईपर्यंत धाकटीला त्या हसण्याचीच लाज वाटत होती. जिना चढताना ती मध्येच थांबली. आई दारातून बाळाला हाक मारायची, तेव्हा आधी वहिनी दाराकडे बघायची. मग बाळ. दर वेळी आधी वहिनी.

आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आतल्या खोलीत वहिनी दुपट्यांच्या घड्या घालत होती, बाळ सतरंजीवर बसलं होतं. धाकटीने दार लोटलं.

"वहिनी, एकदा समोर बसतेस?"

"कालच झालं की, वन्सं."

"सर रागावले. नीट करायचंय."

वहिनी बसली. धाकटीने बाळामागे जाऊन घंटीची जीभ चिमटीत धरली आणि या वेळी बाळाकडे न बघता समोर बघितलं. हात उजवीकडे नेला. वहिनीची नजर उजवीकडे जाऊन परत आली, पापणी लवावी एवढ्यात. बाळ वळलं. डावीकडेही तेच.

धाकटीने चिमटीत धरलेली जीभ वहिनीला दाखवली.

वहिनीने गोंडा खाली ठेवला. घडी घातलेलं दुपटं मोडून पुन्हा घडी घातली.

"कधीपासून?"

"याच्या चौथ्या महिन्यात हातातून पातेलं पडलं. मीच दचकले." ती दाराकडे बघत हळू बोलत होती. "माझ्या धाकट्या मामाला ऐकू येत नाही. लग्नात सांगितलं नव्हतं. आता कळलं तर फसवलं म्हणतील."

"पण किती दिवस पुरशील अशी? त्याचे दिवस वाया जातायत गं."

"काल तुम्ही वहीत खुणा केल्यात ना," वहिनी म्हणाली, "मला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. मीच डोळे हलवले होते. तरी म्हटलं, डॉक्टर म्हणतायत, तर येत असेल ऐकू."

धाकटीने वही उघडली. त्या दोन खुणांकडे बघत राहिली. तोंड उघडलं तर वहिनी गेली, मिटलं तर पोर.

"काय म्हणतायत गं जज्जसाहेब?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं. बाळ वहिनीकडे बघत होतं.

"वहिनी, डोळे मिट."

"आणि नाही वळला तर?"

धाकटीने घंटी उचलली. वहिनीने हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

घंटी वाजली. उजवीकडे, डावीकडे. मग धाकटीने ती जोरात हलवली, इतकी, की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली आणि पावलं दाराशी आली.

बाळ रांगत वहिनीजवळ गेलं. तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, आणि मणी उचलावा तसं, दोन बोटांनी, तिची पापणी उघडू लागलं.