नारळाने दिलेला ठेका

मी एक जुनी, काळी तबकडी आहे, चावीच्या ग्रामोफोनवर, म्हणजे आमच्या फोनोवर वाजणारी. मित्रांनो, माझ्या कडेला बोटभर तडा दिसतो ना, त्याला हसू नका. माझं सारं नाव त्याच्यामुळे झालं.

लाख तापवून मला साच्यात दाबलं, ते साल एकोणीसशे एकोणपन्नास. मलकापूरच्या पिराजी मास्तरांच्या बँडची वरातीची चाल माझ्या अंगावर उमटली. कोल्हापुरातल्या दुकानातून मला जोतिबाच्या डोंगरावर आणलं शालूबाईंनी. तिथे पायऱ्यांशी त्यांचं नारळ-गुलालाचं दुकान होतं. त्यांच्या लग्नात हाच बँड वाजला होता. पण नवरीने मान वर करायची नसते, म्हणून त्यांनी तो नुसता ऐकला, पाहिला नाहीच. तेवढ्यावर बाई जन्माच्या वेड्या झाल्या.

सकाळी दुकान उघडलं की मी सुरू. "पावणं, नारळ घ्या न्हायतर नका घिऊ, पर पिराजी मास्तर ऐकून जावा!" असं म्हणत त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून घेत. शेजारचे दुकानदार केरबा पार कावून गेले.

"शालूबाई, दुसरी तबकडी न्हाय व्हय तुमच्याकडं?"

"हाय की! चार हायत. पर त्या लावायच्या कशाला?"

मी अगदी फुशारले होते. एका चैत्र यात्रेत ढिगावरचा नारळ घरंगळला आणि माझ्यावर आदळला. कडेला चीर गेली. दर फेऱ्याला सुई तिथे अडखळू लागली, टक्! मला वाटलं, आता उकिरडा. शालूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मला पुन्हा फोनोवर ठेवलं. नशीब असं, की टक् नेमका तालात पडत होता. डोंगरावरची पोरं ती चाल तशीच शिकली, टक् आला की दोन करवंट्या आपटू लागली. केरबांचाही पाय हलायचा, पण ते कबूल करत नसत.

पंचावन्न साली कुणाचा तरी नवस फेडायला खुद्द पिराजी मास्तरांचा बँड डोंगरावर यायचा ठरला. शालूबाई नवं लुगडं नेसल्या. आणि मला त्यांनी गुलालाच्या पोत्यामागे लपवलं! मास्तरांनी आपली चाल अशी तडकलेली पाहिली तर काय म्हणतील, ही त्यांना धास्ती. मला फार लागलं ते.

बँड आला. लाल डगले, लखलखीत पितळ. दुकानासमोर तीच चाल सुरू झाली. शालूबाई मान वर करून, डोळे भरून बघत होत्या. तेवढ्यात पोरांनी सवयीने करवंट्या आपटल्या. टक्! टक्! मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. बँड थांबला.

"ह्यो टक् कुणी घातला माझ्या चालीत?"

शालूबाई गुलालाच्या पोत्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. शेवटी केरबाच पुढे झाले. "नारळानं घातला, मास्तर. पर त्याच्याबिगार आता आमच्या कानाला ग्वाडच लागत न्हाय."

मला बाहेर काढलं. मास्तर फोनोशी उकिडवे बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग मास्तर मोठ्याने हसले आणि ढोलवाल्याला म्हणाले, "आरं तिच्या, येवढी वर्सं आपुन ह्ये इसरलोच हुतो की! घाल रं टक्!"

आता फोनोची स्प्रिंग तुटली आहे. मी दुकानात खिळ्याला लटकलेली असते. मित्रांनो, तबकडी नारळाच्या ढिगाखाली ठेवू नका, मऊ फडक्याने पुसत जा. पण तडा गेला म्हणून लगेच टाकूनही देऊ नका. अजून मास्तरांचा बँड डोंगरावर येतो, ती चाल लागते आणि ढोलवाला काठी ढोलाच्या कडेवर मारतो, टक्. बँडमधल्या नव्या पोरांना वाटतं, चाल पहिल्यापासून अशीच आहे. शालूबाई माझ्याकडे बघतात, आणि आम्ही दोघी कुणाला काही सांगत नाही.