गोजरबाईंची मधुमालती

गोजरबाईंनी शब्द दिला तोच मुळी वेल जगणार नाही या खात्रीवर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बदलापूरला मुलाकडे, प्रमोदकडे होत्या. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली खोली विकून आईनं कायमचं इथेच राहावं, म्हणून प्रमोद हात धुऊन मागे लागला होता. एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "कॅम्पातली मधुमालती तुझ्या अंगणात फुलली की विक खोली. तोवर नाव काढायचं नाही." आणि तळमजल्याच्या अंगणातल्या, विटांचे तुकडे भरलेल्या हातभर मातीत त्यांनी कॅम्पातून आणलेली एक वाळकी काडी खोचली.

काडीनं पान धरलं. गोजरबाई पाणी घालीनात, तरी वेल वर चढली. मधुमालतीच ती, नाल्याच्या काठीही माजते. हे कॅम्पात जन्म काढलेल्या बाईला आठवू नये?

अंगणाच्या ग्रीलवर पहिल्या कळ्या दिसल्या तेव्हा त्यांना कॅम्पातली खोली आठवली. त्या खोलीत त्यांचा सगळा संसार झाला होता. शेजारची सिंधीण हातावर पापड ठेवल्याशिवाय पाणी पिऊ देत नसे. इथे दिवसभर बंद दारं बघायची. गुडघा बरा झाला होता, त्यांना आपल्या घरी जायचं होतं.

मग त्या पहाटे उठून कळ्या खुडू लागल्या. खुडून झालं की हात धुऊन सुनेबरोबर, किर्तीबरोबर, बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणायला बसत. खोटं बोलणार नाही, या चौथ्या शीलाशी आलं की त्यांचा आवाज आपोआप खाली जाई.

रविवारी वरच्या मजल्यावरची भावना ताटभर फुलं घेऊन आली. "मावशी, तुमची वेल आमच्या गॅलरीत काय मस्त फुललीय! वंदनेला घ्या." खाली सावली होती. वेल आपलं ऊन शोधत वर गेली होती.

प्रमोदनं टाळीच वाजवली. "आई, फुलली की गं! उद्याच एजंटला फोन लावतो."

गोजरबाईंनी फुलांचं ताट घेऊन मूर्तीपुढे ठेवलं. डोळे भरून आले. "विक बाबा. शब्द दिलाय मी."

"एक मिनिट," किर्ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आई 'तुझ्या अंगणात' असं म्हणाल्या होत्या. आपल्या अंगणात एक फूल दाखवा मला."

"अगं, पण वेल तर आपलीच ना?"

"फूल दाखवा."

प्रमोदनं ग्रील न्याहाळलं. एकही नव्हतं. तो डोकं खाजवत आंघोळीला गेला. किर्ती सासूच्या कानाशी वाकली. "आई, पहाटे मलाही जाग येते."

गोजरबाई शरमल्या. दुसऱ्या दिवशी ग्रीलवर नवा घोस लटकत होता. त्यांनी मन घट्ट करून त्याला हात लावला नाही. जे व्हायचं ते होऊ दे म्हणत आंघोळीला गेल्या. येऊन बघतात तर घोस गायब.

दोघी वंदनेला बसल्या. चौथं शील गोजरबाईंनी खणखणीत म्हटलं. शेजारी किर्तीचा आवाज मात्र खाली गेला होता.