वाचले व मान्य

दत्ताराम घाडीला सही येत होती. पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं, म्हणून हे आधी सांगतो. तो गिरणीत होता तेव्हा प्रौढांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला होता. तीन महिन्यांत त्याला ‘द. सी. घाडी’ एवढं लिहायला शिकवलं, साक्षरांच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि वर्ग बंद केला. पुढे संप झाला, गिरणी गेली. सही राहिली.

पंच्याऐंशी साली तो गोरेगावच्या एका स्टुडिओत रात्रपाळीचा वॉचमन होता. फाटकावरचं रजिस्टर येणारे-जाणारेच भरत; दत्ताराम पानाखाली सही करी. ती मात्र झकास होती. ‘घा’वर रेघ ओढताना तो जीभ दातांत धरायचा.

दहिसरला नदीकाठच्या चाळीत त्याची खोली माझ्या खोलीला लागून होती, मधे प्लायवूडची भिंत. मी एका सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज तपासत असे. अर्जात काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहायचं राहिलंय, हे हुडकायचं काम. अंबादासच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं होतं.

माझा वाचून झालेला पेपर संध्याकाळी दत्तारामकडे जायचा. सात वाजता चहा पिऊन, ड्यूटीचा खाकी शर्ट चढवून तो मोरीशेजारी फतकल मारून बसे आणि लेकीला हाक मारी.

“वाच गो बाय. काय म्हणता जग?”

शेवंती नऊ वर्षांची, चौथीतली. घाडींच्या घराण्यात शाळेत गेलेली पहिलीच. ती पेपर दोन्ही हातांनी ताणून धरायची आणि सुरू करायची. “मंत्र्याचं लगीन झालं. लई हार घातले. जेवायला श्रीखंड होतं.” दुसऱ्या दिवशी, “पूर आला. माणसं झाडावर बसली. मग पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवून चहा दिला.”

“शाबास!” दत्ताराम म्हणायचा.

आणि आतून त्याची बायको सोनूबाई, “चेडू माझा धडाधड वाचता. ह्येंच्या बापाशीन पेपर फकत भाकरी गुंडाळूक घेतल्यान!”

तो पेपर मी सकाळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला असे. मंत्र्याचं लग्न त्यात नव्हतं. हार होते, ते एका पुलाच्या उद्घाटनाचे. पुराच्या बातमीत चौदा माणसं गेली होती. भिंतीच्या अलीकडे मी तोंडात टॉवेल कोंबून हसायचो. शेवंती फोटोवरून बातमी बनवते, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पोरगी कल्पक आहे, असं मी ठरवून टाकलं.

कचेरीत रोज दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरचा सहदेव विचारायचा, “काय रे अंबादास, तुझ्या आकाशवाणीवर काल काय झालं?” मी सांगायचो. टेबलावर थापा पडायच्या. एकदा चुकून साहेबांचा गुजराती पेपर माझ्या पिशवीत आला आणि तोच दत्तारामकडे गेला. शेवंतीनं तोही दहा मिनिटं अडखळल्याशिवाय वाचला. वाचताना तिची नजर कागदावर नव्हती, बापाच्या तोंडावर होती. तो हसला की बातमी लांबायची, त्यानं जांभई दिली की संपायची. मी दारातून हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सहदेवला चाल लावून सांगितलं. त्याला ठसका लागला. पाणी पाजावं लागलं.

शाळेकडूनही कागद येत. शेवंतीच्या वर्गात सत्तर मुलं होती. तिसरीपर्यंत कुणाला मागे ठेवायची त्या शाळेत पद्धत नव्हती, म्हणून ती चौथीपर्यंत आली. तिथं सुलक्षणाबाई भेटल्या. त्या चिठ्ठ्या पाठवीत. चिठ्ठीखाली शाळेचा रबरी शिक्का असे, ‘वाचले व मान्य’, आणि पालकाच्या सहीसाठी रेघ.

चिठ्ठी आली की घरात सण. दत्ताराम हात धुऊन बसायचा. शेवंती वाचायची, “शेवंती गुणी मुलगी आहे. गाणं छान म्हणते.” मग दत्ताराम जीभ दातांत धरून सही करी आणि कागद परत शाळेत जाई. हेही मी भिंतीतून ऐकलं होतं. चिठ्ठी मात्र कधी बघायला मागितली नाही. दुसऱ्याच्या घरचे कागद कशाला बघायचे? कचेरीत दिवसभर तेच करतो.

फेब्रुवारीत चौथीची सहल वज्रेश्वरीला निघाली. पोरांना चिठ्ठ्या मिळाल्या. त्याच आठवड्यात शेवंतीलाही एक कागद मिळाला. तो थोडा मोठा होता, एवढंच. तिनं बापाला सांगितलं, “सहलीचा आहे. सही कर.” ती खोटं बोलत नव्हती. सगळ्यांना सहलीचा कागद मिळाला होता, तेव्हा तिला मिळालेलाही सहलीचाच असणार.

सहलीच्या दिवशी सोनूबाईनं पहाटे उठून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली. शेवंती नवी रिबन बांधून निघाली आणि पाऊण तासात परत आली. डबा तसाच.

“काय गो? गाडी चुकली?”

“माझं नाव नाय म्हणाले.”

“सहलीत?”

“शाळेत.”

दत्ताराम रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. तो तसाच उठला आणि माझ्या दारात आला. “अंबादासभाऊ, जरा चला हो माझ्याबरोबर. काहीतरी घोटाळा झालाहा. कागदपत्रातला तुमका बरा कळता.”

मी कचेरीत उशिरा येतो म्हणून निरोप धाडला. चांगली सेवा घडणार म्हणून मला थोडं बरंही वाटत होतं.

सहल चौथीच्या दुसऱ्या वर्गाच्या बाईंबरोबर गेली होती. सुलक्षणाबाई मागे राहिलेल्या मुलांना घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, घसा बसलेल्या. त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि एकेक चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी वाचू लागलो. दत्ताराम आपल्या सह्या बघत राहिला.

‘मुलीला अक्षरओळख नाही. पालकांनी त्वरित भेटावे.’ द. सी. घाडी.

‘मुलगी फळ्यावरचे चित्रासारखे उतरवते, वाचता येत नाही. दोनदा कळवले. भेटावे.’ द. सी. घाडी.

‘पालकांना आस्था नाही असे दिसते.’ द. सी. घाडी.

अशा सात. आठवा कागद मोठा होता. ‘पाल्याचा दाखला शाळेतून काढून नेण्यास माझी संमती आहे.’ त्यावरची सही सगळ्यांत सुबक होती.

“काय लिवलाहा?” दत्तारामनं विचारलं.

मी सांगितलं. चिठ्ठ्या आठ होत्या, म्हणून थोडा वेळ लागला.

“मला वाटलं, वाचून मुद्दाम येत नाहीत,” बाई म्हणाल्या. “एवढी छान सही करणारा माणूस. अंगठा असता तर मीच घरी आले असते हो.”

“आता घ्या परत,” मी म्हणालो.

“सही आहे ना. वर रिपोर्ट गेला. जागाही भरली. जूनमध्ये बघू, पण हमी देत नाही. आणि घेतली तरी सत्तरात मी तिला अ आ कधी शिकवू? तुम्हीच सांगा.”

कचेरीत मीही लोकांना हेच सांगतो. त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही.

परत येताना दत्ताराम नदीच्या पुलापर्यंत माझ्या पुढे पुढे चालला. मग थांबला.

“म्हणजे पेपरपण नाय वाचूक येणा तिका?”

“नाही.”

“रोज वाचायची ती?”

“मनानं सांगायची.”

तो कठड्याला टेकला. “अंबादासभाऊ, पेपर तर तुमचोच. तुमी सकाळीच वाचलेलो. मधे भिंत ही एवढी.” त्यानं दोन बोटांत जाडी दाखवली. “तुमका कळला नाय?”

कचेरीत अशा वेळी ‘चौकशी चालू आहे’ म्हणतात. मी खोकलो. तो पुढे निघून गेला. घरी जाऊन त्यानं पोरीला मारलं नाही, हेही भिंतीतून कळलं.

संध्याकाळी सात वाजता शेवंती माझ्या दारात आली. हातात आदल्या दिवशीचा पेपर, नीट घडी घातलेला.

“बाबा बोलले, आता पेपर नको.”

“बस जरा,” मी म्हणालो. अठरा वर्षं अर्ज तपासल्यावर निदान एवढं तरी करावं, असं मला वाटलं. पेन्सिल घेतली, पेपराच्या कोऱ्या कडेवर ठळक अक्षरांत ‘शेवंती’ लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवलं. “वाच बघू. घाई नाही.”

तिनं कागदाकडे एकदाच पाहिलं. मग मान वर करून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हसायचा प्रयत्न केला.

“माझ्याबद्दल वाईट लिहिलंय ना, काका?” ती म्हणाली.