मामाकडे सुट्टीला

मनहरने कंगवा रिंकलच्या केसांतून ओढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि मांडीवरच्या पंच्याला पुसला.

"कालच तर धुतले होते केस," रिंकल म्हणाली.

"हो."

"मग काय बघतोस एवढं? उवा आहेत?"

"हत्ती आहेत. गप बस, वेणी वाकडी झाली की मलाच बोलशील."

कंगव्याच्या दातांत पिठासारखी पांढरी भुकी होती. अकीकचा दगड घासला की उडते ती. अंगणात चार हातांवर घसाईचं चाक होतं. त्याची बायको कैलास तोंडाला रुमाल बांधून, कच्च्या दगडांची पाटी मांडीशी घेऊन चाकासमोर बसली होती. पोर शाळेत गेल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. पण भुकीला ते ठाऊक नव्हतं. ती कौलांवर होती, अंथरुणांत होती, पाण्याच्या माठावर कपडा बांधला तरी पाण्यात होती.

सोळा वर्षं त्या चाकावर मनहर स्वतः बसला होता, मालकाच्या शेडमध्ये. खंभातच्या त्या गल्लीत दुसरं करणार काय? सकाळी अंधारात जायचा, यायचा तेव्हा रिंकल झोपलेली असायची. तिची पहिली सहा वर्षं त्याने अशी झोपेतच पाहिली. एक गाल उशीवर, तोंड जरासं उघडं. मग त्याला जिना चढवेना, पुढे सायकल ढकलवेना आणि दिवाळीच्या आत तो खाटेवर आला. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीशी धरला. ही फुप्फुसं आता मागे फिरायची नाहीत, म्हणाले. एका रांगेत चौघं बसायचे. दोघं गेले होते. तिसऱ्याच्या नाकाला नळी होती.

त्याला घरी एकटं टाकून कैलासला दिवसभर शेडमध्ये राहता येईना आणि दुसरं काम तिला येत नव्हतं. म्हणून चाकच घरी आलं.

आणि मनहरला मुलगी मिळाली. सरळ सांगायचं तर असंच झालं होतं. तिला आंघोळीचं पाणी काढून देणं, वेणी घालणं, डब्यात थेपला भरताना तिने "दोन नको, एकच" म्हणणं आणि त्याने दोनच भरणं. हे सगळं त्याला पस्तिशीच्या उंबरठ्यावर, श्वास मोजून घ्यायची वेळ आल्यावर मिळालं होतं. वेणी घालायला तो शेजारच्या मंजुळाबाकडून शिकला. पहिले आठ दिवस पोरगी रडून शाळेत गेली होती.

रिबिनीची गाठ मारत असतानाच रिंकल खोकली.

मनहरचा हात थांबला. कैलासनेही पाटीतून मान वर केली. दोघंही वाट बघत राहिली. रिंकल पुन्हा खोकली, कोरडं, दोनदा, मग म्हणाली, "झाली का नाही वेणी?"

"झाली."

"आरशात बघू?"

"बघ. चांगली झालीय आज."

खोकल्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

शाळा घरापासून आठ मिनिटांवर होती. त्यांना अर्धा तास लागायचा. वाटेत मनहर चार ठिकाणी बसायचा. पतंगवाल्याचा ओटा, पिठाची गिरणी, बंद दवाखान्याची पायरी, मग शाळेसमोरचा कडुनिंब. रिंकलला घाई नसायची. प्रत्येक बसण्याला तिने एकेक काम लावून दिलं होतं. गिरणीपाशी ती त्याला पाट्या वाचून दाखवायची, कारण पप्पा चौथीतून शाळा सोडलेला आणि ती दुसरीत असून जोडाक्षरं वाचणारी. पायरीवर त्याने लहानपणची एक गोष्ट सांगायची. ती घडलेलीच असली पाहिजे, भुताखेताची चालणार नाही.

"आज काय?" त्या दिवशी पायरीवर तिने विचारलं.

मनहरला दम आवरायला वेळ लागला. ती त्याच्या गुडघ्यावर बोटाने अंक गिरवत बसली.

"एकदा मी खाडीच्या चिखलात चप्पल घालवली," तो म्हणाला.

"कुठली?"

"निळी. नवीन होती. भरती यायला लागली नि मी पळालो. एक पाय चिखलातून निघाला, चप्पल नाही निघाली."

"आजीने मारलं?"

"ती दुसरी चप्पल घेऊन मागे लागली. तीच उरली होती ना."

रिंकल इतकी हसली की हसताहसता तिला खोकला आला. या खेपेला तो लवकर थांबेना. ती वाकली, डोळ्यांत पाणी आलं, मग तोंड पुसून पुन्हा हसायला लागली. मनहरने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तळव्याखाली ती पाठ उडत होती, पाखरासारखी. स्वतःचा खोकला त्याने इतका ऐकला होता की त्याची सुरुवात कशी असते, हे तो विसरून गेला होता.

त्या दिवशी ती शाळेतून यायच्या आत त्याने कैलासला मोटार बंद करायला सांगितली.

"नटूला फोन कर," तो म्हणाला. नटवर कैलासचा धाकटा भाऊ. बारडोलीकडे साखर कारखान्यात होता. राहायला दोन खोल्या, मागे उसाचे मळे.

"कशाला?"

"रिंकलला घेऊन जा म्हणावं. परीक्षा झाली की."

"सुट्टीला?"

मनहर चाकाकडे बघत राहिला. कैलासने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. रुमालाखालचा चेहरा तेवढा सावळा होता, वरचा पिठात बुडवून काढल्यासारखा.

"डॉक्टर म्हणाले ना, तिचा साधा आहे खोकला," ती म्हणाली.

"अजून साधा आहे, असं म्हणाले. हवा बदला म्हणाले. आपण हवा कुठून आणायची?"

"चाक मागच्या बाजूला नेऊ."

"मागे मंजुळाबाचं चाक आहे. तिच्या पलीकडे अब्बासभाईचं."

"मग आपण सगळेच जाऊ."

"दोन खोल्यांत ते चौघं आहेत, कैलास. एका पोरीला हो म्हणतील. मला घेऊन कोण हो म्हणेल? माझी दवा इथे, नळी लागली तर ती इथे."

कैलासने एक घासलेला दगड उचलला, अंगठ्याने चोळला, परत ठेवला.

"तुम्हाला कळतंय का, काय बोलताय?" ती हळू म्हणाली. "तुमचे किती दिवस... देवाने दिलेत तेवढे दिवस तरी पोर समोर असू द्या. दिवसभर त्या दाराकडे बघत बसता, साडेबारा कधी वाजतात म्हणून. मला दिसत नाही?"

"ती राहिली तर मला बरं वाटेल," मनहर म्हणाला. "तिला नाही."

मग कैलासने पदराने हात पुसले आणि आत जाऊन फोन घेऊन आली. तिचं विचारून पुरं व्हायच्या आधीच नटवरने हो म्हटलं. त्याच्या त्या चटकन हो म्हणण्याचंच कैलासला रडू आलं.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी रिंकल पेपर संपवून बाहेर आली, तर मनहर ऑफिसच्या दाराशी उभा. आत मुख्याध्यापिका, बडेबाई, वह्यांच्या गठ्ठ्यात होत्या.

"जा, पाणी पिऊन ये," त्याने रिंकलला सांगितलं.

"तहान नाही."

"मग माझ्यासाठी आण."

ती बाटली घेऊन टाकीकडे पळाली, तसा तो आत गेला. "बडेबाई, रिंकलचा दाखला हवा होता."

"दाखला?" त्यांनी चष्मा वर सारला. "ती तर वर्गात सांगत होती, मामाकडे सुट्टीला जाणार, उसाचा रस पिणार. बदली बिदली आहे का कुठे?"

"तिथल्याच शाळेत घालणार आहेत."

"चांगली मुलगी आहे हो. तिसरीत मी तिला वर्गप्रमुख करणार होते. कशाला..." बडेबाईंनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. दाराला धरून उभा होता. दोन शब्दांमध्ये त्याचे खांदे वर जात होते. त्या गल्लीतली पन्नास मुलं त्यांच्या शाळेत होती. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहायला लागल्या.

"शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"हवा," मनहर म्हणाला.

बडेबाईंनी लिहिलं, 'स्थलांतर'. शिक्का मारला, फुंकर घालून कागद वाळवला. रिंकल बाटली घेऊन आली तोवर दाखला घडी होऊन मनहरच्या खिशात गेला होता.

"काय लिहून दिलं बडेबाईंनी?" तिने विचारलं.

"तू हुशार आहेस असं."

"दाखव."

"मामाला दाखवायचंय. त्याच्याकडून ऐक."

वाटेत दोघं कडुनिंबाखाली बसली, पायरीवर बसली. गिरणीपाशी सगळ्या पाट्या वाचून झाल्या होत्या, तरी मनहरने तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावल्या. पतंगवाल्याच्या ओट्यावर तर तो इतका वेळ बसला की रिंकलच कंटाळली.

"पप्पा, चल ना. भूक लागली."

"अजून थोडं."

"दम नाही गेला?"

"नाही गेला," तो म्हणाला. दम केव्हाच आवरला होता.

नटवर रविवारी आला. येताना हलवासनचा पुडा आणला, खंभातच्याच स्टँडवरून घेतलेला. कैलासने त्यावरून त्याला चिडवलं, "आमचीच मिठाई आम्हाला? बारडोलीत काही पिकत नाही वाटतं?" आणि सगळे हसले. गरजेपेक्षा जास्तच हसले. रिंकलची पिशवी भरून दाराशी होती. त्यात कैलासने थंडीचा स्वेटर घातला होता.

"हा कशाला? उन्हाळा आहे," रिंकल म्हणाली.

"असू दे," कैलास म्हणाली आणि चुलीकडे वळली.

निघताना मनहर गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नटवर "जिजाजी, राहू द्या, ऊन आहे" म्हणत होता, पण गेला. रिक्षा उभी होती. रिंकल आधी चढली, मग उतरून परत आली.

"पप्पा, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घ्यायला ये. तूच ये. मामाला सोडायला यायला लावू नको."

मनहर खाली बसला. त्याला बसायला आणि बोलायला एकाच वेळी श्वास पुरत नसे, म्हणून आधी तो बसला. तिच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावलं. कॉलर सरळ केली.

"मामीला त्रास देऊ नको. ती सांगेल तशी वेणी घालून घे."

"पण येशील ना?"

"दूध पी. उसात एकटी जाऊ नको, साप असतात."

"पप्पा."

"नटू," मनहर म्हणाला, "बस चुकेल तुमची."

नटवरने तिला उचलून आत घेतलं. रिक्षा वळेपर्यंत ती मागच्या बाजूने तोंड काढून काहीतरी ओरडत होती. इंजिनाच्या आवाजात ते कळलं नाही. मनहरने हात वर केला, तो रिक्षा दिसेनाशी झाल्यावरही तसाच होता. मग पानवाल्याने स्टूल आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी कैलासने सकाळी सहालाच मोटार सुरू केली. आता थांबायचं कोणासाठी? मनहर खाटेवर पडून आवाज ऐकत राहिला. साडेसात वाजले. साडेबारा वाजले. कैलासने त्याला भाकरी आणि कढी दिली, त्याने अर्धी खाल्ली. चाकाशी परत बसल्यावर ती खोकली. नवीन नव्हता तो खोकला. तोही होळीपासून असावा. पोरीच्या खोकल्याकडे कान लावून बसलेल्या घरात तो कोणी मोजला नव्हता.

मनहर उठला. भिंतीला धरून अंगणात आला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. चाक गुरगुरत थांबलं.

"काय झालं? पाणी हवंय?"

"ऊठ."

"काय?"

"ऊठ म्हटलं तिथून."

कैलास उठली नाही. तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, तशी तिने चाक दोन्ही हातांनी धरलं, जणू तो ते उचलून नेणार होता.

"वेड लागलंय? महिनाभर नाही टिकणार तुम्ही."

"न बसता किती टिकणार आहे?"

"रिंकल..."

"रिंकल मोठी होईल," तो म्हणाला. मध्ये थांबला, श्वास घेतला. "तेव्हा कोणीतरी एक जण असायला पाहिजे तिला. दोघं नको जायला."

कैलास त्याच्याकडे बघत राहिली. पदर, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. मग तिने गळ्यातला रुमाल सोडला, झटकला, त्याच्या तोंडावर धरला आणि मागे जाऊन गाठ मारली. एक सैल झाली म्हणून सोडून पुन्हा मारली.

मनहर चाकासमोर बसला. पाटीतून एक दगड उचलला. बोटांना जागा आठवत होती.

"आत जा," तो रुमालातून म्हणाला. "दार लाव. आतून कडी घाल."

ती गेली. त्याने भिंतीवरच्या बटणावर हात ठेवला आणि दाराकडे कान देऊन थांबला. कडी लागायला बराच वेळ लागला.