खालच्या वस्तीचा दम

खडीच्या कारखान्यात एक डॉक्टर होता. हुशार इतका, की माणूस शिंकायच्या आधीच हा औषध लिहून मोकळा! मालकांनी त्याला दम मोजायचं यंत्र दिलं. नळीत फुंकायचं, काटा सरकायचा. टेकडीवरची आणि खालच्या वस्तीतली, अजून धुळीत न गेलेली माणसं त्याने मोजली आणि अहवाल दिला : खालच्यांची फुप्फुसं जन्मतःच लहान. म्हणजे त्यांना धाप लागते ती धुळीने नव्हे!

झालं! शिट्टी नावाच्या कामगाराचा अर्ज फेटाळला गेला. हा खालच्या वस्तीतला गडी शिट्टी मारायचा तेव्हा म्हणे ढग वळून बघायचे. आता जिना चढताना भिंत धरायचा. त्याला धुळीतून फाटकावर बदली हवी होती.

मोजणी पुढे चालूच होती. एके दुपारी डॉक्टरची मोठी बहीण, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, डबा घेऊन आली आणि बाकावर बसून बघत राहिली.

"काय रे, वरच्यांवर 'अजून! अजून! शाब्बास!' म्हणून ओरडतोस, आणि खालच्यांना एकदा फुंकवून 'पुढचा'?"

"ताई, त्यांच्यात दमच नाही. उगाच कशाला छळायचं?"

"वा! निकाल आधी, परीक्षा मग. बरं झालं, मास्तर झाला नाहीस."

तिने मध्ये चादर बांधली. माणूस पलीकडे, काटा अलीकडे. "आता कोण कुठला ते मी लिहून ठेवीन, तू विचारायचं नाही. सगळ्यांवर सारखंच ओरड."

घसा बसेपर्यंत तो ओरडला. मग ताईच्या यादीवरून आकडे वस्तीवार लावले आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. दोन्हीकडचा दम सारखाच!

"अगं, पण मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता!"

"तेच वाईट. खोटा लिहिला असतास, तर निदान तुला तरी ठाऊक असतं."

डॉक्टर नवा अहवाल घेऊन धावला. व्यवस्थापक गोड हसले. "पहिला छान होता हो. दुसऱ्यासाठी समिती नेमू."

समिती अजून चहाच पितेय. डॉक्टर शिट्टीच्या दारात हात जोडून उभा राहिला.

"माफी ठेवा तुमच्याकडे, डॉक्टर," शिट्टी धापा टाकत म्हणाला, "तिने खोकला थांबत नाही. फाटकावर जा आणि सगळ्यांदेखत ओरडून सांगा, तुमचं चुकलं म्हणून. आमच्या वेळी वाचवलेला आवाज असेल की शिल्लक!"

दुसऱ्या सकाळी डॉक्टर फाटकावर उभा राहून ओरडला. नोकरी गेली. शिट्टी अजून धुळीतच आहे.

तेव्हा मंडळी, माणसं मोजायला बसाल, तेव्हा आधी आपलं मन तपासा. तिथे ठरलेला आकडाच काट्यावर उमटतो, आणि त्याची किंमत मोजणारा नाही, मोजला जाणारा भरतो!