तिसरं कडवं

हॉलच्या दारातच चित्रपट मंडळाच्या दीपमालाने बातमी दिली, "काका, पूर्ण प्रत मिळाली! ‘मैनेचं पैंजण’मधलं ते गाणं आज अख्खं दिसणार."

तिला वाटलं, मी खूश होईन. माझ्या हातातले कागद घामाने ओले झाले.

एकतीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझा लेख आला होता. आयुष्यातला एकच. तेव्हा मी सातपूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. मी लिहिलं होतं की दुसरं कडवं संपताच नायिका सुलाबाई गाता गाता थांबतात, ओठ उघडेच राहतात, आणि थेट पुढचा प्रसंग सुरू होतो. गाणं असं अर्धवट टाकण्याचं धाडस दुसऱ्या कुठल्या नटीने केलं नाही. लेख गाजला. बाईंना पुरस्कार मिळाला तेव्हा मानपत्रात हेच वाक्य होतं. आज चित्रपट संपल्यावर मी तोच लेख वाचायचा होता, त्यांच्यासमोर.

तो चित्रपट मी वणीच्या यात्रेत, तंबूत पाहिला होता. तिथला ऑपरेटर बहिरू तुटलेली फीत कात्रीने कापून चिकटवायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे उरली ती एकमेव प्रतही त्याच तंबूतली, म्हणून सगळ्यांना तेच दिसलं. लिहिताना शंका आली नव्हती, असं मला म्हणता येत नाही. पण वाक्य चांगलं जमलं होतं.

सुलाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी. मी शेजारी जाऊन बसलो आणि अडखळत सगळं सांगून टाकलं.

"मग? मला काय माहीत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "गाणं तीन कडव्यांचं होतं. मीच गायले ना!"

"मग बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? दहा वर्षं मला कुणी विचारत नव्हतं. तुमचा लेख आला आणि लोक घरी यायला लागले. थांबायचं मीच ठरवलं, असं मुलाखतींतून सांगत सुटले." त्यांनी रुमाल मुठीत आवळला. "आता दोघांचं बिंग एकदमच फुटणार."

दिवे मालवले. गाणं आलं. दुसरं कडवं संपलं आणि बाई थांबल्या नाहीत. मागे कुजबुज झाली. तिसऱ्या कडव्यात त्यांना दम लागला होता. एका गिरकीला पाय चुकला, त्या खुदकन हसल्या आणि तशाच पुढे गायल्या.

"बघा," त्या कानाशी पुटपुटल्या, "बहिरूने लाज राखली होती माझी."

मला ते हसू त्या थांबण्यापेक्षा कितीतरी आवडलं. पण माझ्या आवडण्यावर आता कोण भरवसा ठेवणार?

चित्रपट संपला. दीपमालाने माझं नाव पुकारलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतले आणि स्वतःच्या मांडीखाली सारले.

मी माइकसमोर गेलो.

"माझा लेख... चुकीचा आहे," मी म्हणालो. "बाई थांबल्याच नव्हत्या."

पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "अहो, मोठ्यानं बोला! मागच्यांना ऐकू जात नाहीये. आणि माझंही सांगा!"